मास्तरांच्या धोतरावरचं फ्रान्स

आमच्या मास्तरांना फ्रेंच येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मास्तरांना. सकाळी तोंड धुऊन ओसरीवर आले की रस्त्यानं जाणाऱ्या पहिल्या जिवाला ते टोपी उचलून ‘बोंझूर’ करत. मग तो माणूस असो, नाहीतर पाटलांची म्हैस असो. माणसं ‘बोंजूर मास्तर’ म्हणून पुढं जात. म्हैस काही म्हणत नसे, पण मास्तरांचा तिच्यावरही राग नव्हता.

मी पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावी मुलींच्या शाळेवर रुजू झाले, तेव्हा दुसरी लढाई ऐन भरात होती. मी बावीस वर्षांची. बरोबर आई, दोन ट्रंका आणि नगर शहरात वाढल्याचा नको तेवढा ताठा. मास्तर मुलांच्या शाळेत ड्रॉइंग आणि ड्रिल शिकवायचे. त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. सामान अजून गाडीतून उतरलंही नव्हतं, तर त्यांनी मला विचारलं, “बाई, तुम्ही तिकडे कधी गेल्या होतात का?”

“तिकडे म्हणजे कुठे?”

“फ्रान्सात.”

मी म्हटलं, मी अजून पुण्यालासुद्धा गेले नाही. मास्तरांनी माझ्याकडे फार कळवळ्यानं पाहिलं आणि स्वतः माझी ट्रंक उचलून आत नेली.

पहिल्या लढाईत मास्तर खेचरांच्या पलटणीत होते. तिकडे हिवाळ्यात त्यांची तुकडी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात मुक्कामाला राहिली. मास्तरांना ताप भरला. त्या घरातल्या म्हातारीनं त्यांना गोठ्यातून आत आणून चुलीपाशी निजवलं, दुधात भिजवलेला पाव चारला, पायांत लोकरीचे मोजे घातले. सगळा मिळून पाच आठवड्यांचा मामला. पण पुढची तीस वर्षं मास्तर त्या पाच आठवड्यांवर जगले. त्या म्हातारीला ते ‘मामी’ म्हणत. मामीच्या गाईचं नाव, मामीच्या दाराचा रंग, मामी कुणावर रागावली की काय करायची, सगळं त्यांना पाठ होतं, आणि ऐकून ऐकून आम्हालाही झालं.

‘आमच्या तिकडे’ हा त्यांचा पालुपदी शब्द. आमच्या तिकडे वहाणांत मोजे घालतात, म्हणून पाथर्डीच्या उन्हात मास्तर वहाणांत मोजे घालून हिंडत. आमच्या तिकडे पाव छातीशी धरून सुरीनं कापतात, म्हणून ते भाकरीही छातीशी धरून सुरीनं कापत. ज्वारीची भाकरीच ती, तिचे तुकडे अंगावर पडायचे. आमच्या तिकडे रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं असतात, म्हणून त्यांनी आपल्या घरापासून मोटारस्टँडच्या वळणापर्यंत दुतर्फा लिंब लावले होते. प्यायच्या पाण्यासाठी बाया कोसभर चालायच्या त्या गावात हे झाडं लावायला निघाले! अंघोळीचं, भांड्यांचं, ड्रॉइंगचे ब्रश धुतलेलं, जे पाणी हाती लागेल ते त्यांनी त्या झाडांना घातलं. शेळ्यांशी तर त्यांनी जन्माचं वैर धरलं. सगळे जगले नाहीत, पण निम्मे जगले, आणि त्या उघड्या माळावर ती सावली परकी वाटायची. मी त्यांची यथेच्छ चेष्टा केली आहे. आणि दुपारी शाळेतून येताना त्याच सावलीतून चालत आले आहे, हेही सांगायला हवं.

पलीकडच्या एका गावात मिशनमध्ये एक फ्रेंच पाद्री होते. मास्तर दर आठवड्याला सायकल मारत त्यांना मराठी शिकवायला जात. पाद्रीबाबा म्हातारे होऊन मायदेशी परत निघाले, तेव्हा त्यांनी आपल्या विद्येची दक्षिणा म्हणून मास्तरांना हातानं फिरवायचं एक सिनेमाचं यंत्र आणि सात डबे दिले. डब्यांत बोटाएवढ्या रुंदीच्या फिती. एकेक चित्र पाऊण तासाचंही नाही, बरीचशी पाव तासाची. मुकी. राजाराणी नाही, मारामारी नाही. सगळी तिकडच्या खेड्यांतली माणसं. म्हातारा-म्हातारी गाय विकायला बाजाराला निघतात. दोन भाऊ विहिरीवरून भांडतात. एक मुलगा घर सोडून शहराला जातो. मध्ये मध्ये फ्रेंचमध्ये काहीतरी लिहून यायचं. बस.

मास्तर हे खेळ दिवसाढवळ्या करत. रात्री गाव झोपतं, आणि मोटारची बॅटरी मिळायची ती रविवारी दुपारीच, कारण त्या दिवशी सर्व्हिस मोटार बंद असायची. मोटारवाले चाचा आमच्या शेजारीच राहायचे. ते मोटारीतून बॅटरी काढून खांद्यावर घेऊन यायचे आणि शाळेच्या दारातूनच ओरडायचे, “मास्तर, आज अर्धीच हाय! तुमचं फ्रान्स जरा उरकतं घ्या!” शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, भिंतीवर मास्तरांचं धुतलेलं धोतर ताणून बांधायचं आणि पोराबाळांसकट पन्नास-साठ माणसं आत कोंबायची. लोकरीचा, घामाचा आणि तापलेल्या दिव्याचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. नंतर मी पुण्यात गादीच्या खुर्च्यांवर बसून पुष्कळ सिनेमे पाहिले. पण खरं सांगते, जीव त्या कोंदट खोलीसाठीच तुटतो.

यंत्र फिरवता फिरवता मास्तर गोष्ट सांगत. पडद्यावर दोन शब्द उमटायचे आणि मास्तर पाच मिनिटं बोलायचे. मी एकदा विचारलं, “मास्तर, एवढं सगळं त्या दोन शब्दांत आहे?”

“फ्रेंच भाषा फार आटोपशीर आहे, बाई,” ते म्हणाले.

ते बोलायचे ते सगळं मनचं. विहिरीवरच्या भावांना त्यांनी थोरला आणि धाकला अशी नावं आणि आमच्याच गावातली भांडणं दिली होती. गाय विकणाऱ्या म्हातारीच्या तोंडी तर साक्षात काकूंचे शब्द असत. काकू म्हणजे मास्तरांची बायको. लोक मध्येच बोलत. “मास्तर, बाईनं डोक्यावर पदर का न्हाई घेतला?” “त्यांच्यात घोडा नांगराला जुपत्यात व्हय? मग बैल काय करत्यात?” एक म्हातारे गृहस्थ गाईच्या चित्राला प्रत्येक वेळी उठून सांगायचे, “त्या मानसाला म्हना, गाय इकू नको. पाऊस पडंल.” मास्तर मोठ्या गंभीरपणे म्हणत, “सांगतो.”

मुलगा घर सोडून जातो, त्या चित्राला मात्र सगळे एकच विचारत, “माघारी कवा येतो?” चित्र तो गेल्यावर संपतच होतं. फाटकाशी आई उभी, दोन्ही बाजूंनी उंच झाडं असलेला सरळ रस्ता, आणि त्यावरून गाठोडं घेऊन लहान लहान होत जाणारा मुलगा. तेवढंच. मास्तर म्हणत, “येतो, येतो. पुढच्या डब्यात येतो.” असा डबा नव्हता, हे मला ठाऊक होतं. ते चित्र दाखवताना मास्तरांचा आवाज घोगरा व्हायचा, आणि का व्हायचा तेही मला ठाऊक होतं.

मास्तरांचा एकुलता एक मुलगा मी यायच्या दोन वर्षं आधी पलटणीत गेला होता. जबरदस्ती कुणीच केली नव्हती. लहानपणापासून मामी, मामीची गाय, मामीचं हिरवं दार ऐकत मोठा झालेला पोरगा, लढाई लागल्यावर म्हणाला, मी बघून येतो. मास्तरांनी त्याला कागदावर मामीच्या घराचा नकाशासुद्धा काढून दिला. काकूंनी पंधरा दिवस नको नको म्हणून विनवलं. निघायच्या दिवशी त्या चुलीपुढून उठल्याच नाहीत, असं मी ऐकलं होतं. मुलगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आला, “येतो” म्हणाला, तरी त्यांनी मान वर केली नाही. मास्तर त्याला लिंबांच्या रस्त्यानं स्टँडपर्यंत पोचवून आले. तो फ्रान्सला पोचलाच नाही. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, त्याची चार पत्रं आली, मग पत्रं थांबली, मग एक सरकारी कागद आला की पत्ता लागत नाही. आताच सांगून टाकते, तो पत्ता कधीच लागला नाही.

तो गेला त्या दिवसापासून काकू मास्तरांशी बोलत नव्हत्या.

भांडण नाही, आदळआपट नाही. बोलणं तेवढं बंद. मी राहायला गेले आणि आयतीच मधली टपालवाली झाले. काकू चुलीपाशी, रस्त्याकडच्या झरोक्याखाली, मास्तर तिथून चार हातांवर पाटावर, मी दारात. “बाई, त्यांना म्हनावं, पानी तापलंय.” मग मास्तर मला म्हणायचे, “बाई, त्यांना सांगा, आलोच.” दोघांनाही दोघांचं ऐकू आलेलं असे. तरी मी उच्चारल्याशिवाय मास्तर उठत नसत. एकदा मी चिडून गप्प बसले, तर पाणी गार झालं आणि मास्तर तसेच बसून राहिले. मी सुट्टीत नगरला गेले की हे काम माझ्या आईकडे जायचं, आणि आई ते माझ्यापेक्षा श्रद्धेनं करायची.

पण दर शनिवारी काकू ते धोतर स्वतः धुवायच्या, नीळ घालायच्या, काठीवर ताणून वाळवायच्या. त्यावर एक सुरकुती राहू द्यायच्या नाहीत. खेळाला मात्र एकदाही आल्या नाहीत. मी म्हणायची, “काकू, या की एकदा.” त्या म्हणायच्या, “मला न्हाई बघायचं त्यांचं फ्रान्स. त्या फ्रान्सानं माझं पोर खाल्लं.” मास्तर ओसरीवर असत. त्यांना ऐकू जात असे. त्या दिवशी ते म्हशीलासुद्धा बोंझूर करत नसत.

लढाई संपली. गावातले दोघे-तिघे परत आले. त्यांचे हार-तुरे झाले, आणि काकूंनी दार लावून घेतलं. त्याच दिवसांत एका संध्याकाळी मास्तर माझ्या खोलीच्या दाराशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, येत्या रविवारी त्यांना घेऊन या. कसंही करून. मी पोराला परत आणणार आहे.”

मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. यंत्राचा दांडा उलटा फिरवला की फीत उलटी जाते. मुलगा रस्त्याच्या टोकाला ठिपक्याएवढा झाला की दांडा उलटा फिरवायचा, म्हणजे तो त्याच रस्त्यानं मोठा मोठा होत फाटकाशी येईल आणि आईच्या मिठीत शिरेल. चाचा आणि ते दोन रविवार दार लावून हीच तालीम करत होते. “एकदा त्यांना तेवढं दिसू दे,” मास्तर म्हणाले. “मग त्या बोलतील. नाही बोलल्या तरी चालेल. पण मी काहीतरी परत आणलं, असं तरी होईल.”

मलाही ती युक्ती पटली. माझ्या हुशारीचा मला एवढा अभिमान, पण पटली. मी काकूंच्या मागेच लागले. शेवटी म्हटलं, “काकू, तुम्ही धुतलेलं धोतर कसं दिसतं, तेवढं तरी बघा.” कशामुळं ते मला माहीत नाही, पण रविवारी त्या आल्या. हातातलं पीठ पुसत पुसत आल्या आणि बायकांच्या मागं, भिंतीला टेकून बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले.

मास्तरांनी दुसरं काही दाखवलंच नाही. एकदम तेच चित्र लावलं. मुलानं गाठोडं बांधलं, आईनं त्याच्या खिशात काहीतरी कोंबलं, मुलगा फाटकातून बाहेर पडला, झाडांमधून चालू लागला. लहान होत होत ठिपक्याएवढा झाला. “आणि मग,” मास्तर म्हणाले, “पोरगं माघारी आलं!” आणि त्यांनी दांडा उलटा फिरवला.

मुलगा परत येऊ लागला. पण पाठीकडून. टाचा पुढं, पाठ आमच्याकडे, तोंड लांबच्या टोकाकडे, असा तो झाडांमधून मागं मागं सरकत येऊ लागला.

मग पुढची एक म्हातारी किंचाळली, “अगं बया! उलट्या पायाचं!” आमच्याकडे उलट्या पायांनी कोण चालतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मेलेलं माणूस भूत होऊन येतं, ते तसं चालतं. बायकांनी पोरांच्या डोळ्यांवर पदर टाकले. सगळे दाराकडे पळाले. कुणाचा तरी धक्का लागून खिडकीवरची घोंगडी खाली आली आणि भसकन ऊन आत आलं. मास्तरांचा हात दांड्यावर तसाच राहिला. चाचांनी घाईनं बॅटरीची तार ओढली, नाहीतर फीत जळाली असती.

तीस वर्षं फ्रान्स फ्रान्स करणाऱ्या माणसाला आपल्याच गावातली भुतं कशी चालतात, एवढं आठवलं नव्हतं. तालमीत त्यांना फक्त परत येणारा मुलगाच दिसला होता. ज्या बाईच्या मुलाचा पत्ता लागत नव्हता, तिला त्यांनी भर दुपारी, भर सभेत हे दाखवलं होतं. मला काकूंकडे बघायचा धीर होईना. मास्तर स्टुलावर बसले होते आणि त्यांचा चेहरा मला आजही आठवायला नको वाटतो.

खोलीत आम्ही चौघंच उरलो. काकू जागच्या हलल्या नव्हत्या. तिथूनच म्हणाल्या, “बाई, त्यांना म्हनावं...” आणि थांबल्या. मग त्या उठून पडद्याजवळ गेल्या. सरळ मास्तरांकडे बघून म्हणाल्या, “पुन्यांदा दावा. सुलटं.”

मास्तर सवयीनं माझ्याकडे बघू लागले. चाचांनीच घोंगडी उचलून खिडकीला अडकवली आणि तार जोडली.

यावेळी मास्तर गोष्ट सांगत नव्हते. दांड्याची खटखट तेवढी ऐकू येत होती. मुलानं गाठोडं बांधलं, फाटकाबाहेर पडला, चालू लागला. मी ते चित्र दहा वेळा पाहिलं असेल, पण मास्तरांच्या बोलण्यात एक गोष्ट माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. तो मुलगा जाताना तीनदा मागं वळतो. तिन्ही वेळा टोपी हलवतो. मग ठिपका होतो. मास्तरांनी हात थांबवला, चाचांनी तार काढली.

“ह्यो तीनदा वळला,” काकू अंधारातच म्हणाल्या. “आपला एकदाबी न्हाई वळला.”

हे त्यांना कुणी सांगितलं, ते मास्तरांनी विचारलं नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही.

“माझ्यावर रागवून गेला त्यो,” काकू म्हणाल्या. “मी तोंडातून शबूद काढला न्हाई. त्यानंबी मान वळवली न्हाई. चार वरीस झालं, मला त्याची पाठच दिसती निस्ती. आत्ताबी पाठच दिसली.”

“रागावून न्हाई,” मास्तर म्हणाले. फ्रान्स, शाळा, ड्रिलचा आवाज, सगळं त्यांच्या बोलण्यातून गळून पडलं होतं. “त्यो वळत हुता. मीच वळू दिला न्हाई. म्हनलो, लढाईला निघालेल्या मानसानं मागं बघू नये, अपशकून हुतो. तर मला म्हनला, तात्या, मग तुमी बघा. आई दारात आली का तेवढं बघा.”

काकू पडद्यापासून एक पाऊल पुढं आल्या.

“मी वळून बघितलं. दार मोकळं हुतं.” मास्तरांनी दांडा सोडला. “मी त्याला म्हनलो, आलीया. उभी हाय. तुझ्याकडंच बघतीया.”

“मग?”

“हसला. लई हसला. म्हनला, मग ठीक हाय. आन झपाझपा चालाया लागला. मोटारीत चढंपातुर हसत हुता.” चाचा पाठ करून उगाच बॅटरीशी काहीतरी करत राहिले. मास्तर कसेबसे म्हणाले, “पोराला जाताना खोटं सांगून धाडलं मी. हे तुला कसं सांगू? तू इचारलंबी न्हाईस.”

काकूंनी खिडकीवरची घोंगडी बाजूला केली. उजेड आत आला. त्या रडत होत्या आणि पुसत नव्हत्या.

“खोटं कुठं?” त्या म्हणाल्या. “चुलीमागच्या झरोक्यापाशी हुते की मी. उभी राहून त्याच्याकडंच बघत हुते.”